शाळा आणि घरांची अग्निसुरक्षा तपासणी : कोण करते, काय पाहतात आणि काय राहून जाते

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की आपल्या सभासदांपैकी कोणी ना कोणी विचारतेच, की मुलांच्या शाळेची आगीसंबंधीची तपासणी झाली आहे का, हे कुठे कळेल? नगरपालिकेत, शिक्षण खात्यात की अग्निशमन केंद्रात? दुसरा प्रश्न घराबद्दलचा असतो. आमच्या इमारतीत आजवर कोणीच तपासायला आले नाही, हे कसे? दोन्हींची उत्तरे एका जागी असावीत म्हणून ही नोंद तयार केली आहे. आम्ही अभियंते नाही. आमची नोकरी बँकेत गेली. तिथे वर्षानुवर्षे आमची तपासणी होत असे आणि आम्हीही इतरांची करत असू, त्यामुळे तपासणी नावाच्या गोष्टीत किती दम असतो आणि किती नसतो, याचा थोडा अंदाज आहे.

खाते कोणाचे?

आपल्यापैकी बहुतेकांचे नातेवाईक चंद्रपूर, नागपूर, नांदेड या बाजूला आहेत. तिकडे अग्निशमन दल महानगरपालिकेचे किंवा नगरपरिषदेचे असते. इकडे बेल्लमपल्लीत आपण तोच हिशेब धरतो आणि नगरपालिकेत चकरा मारतो. तेलंगणात मात्र अग्निशमन हे राज्य सरकारचे खाते आहे. नगरपालिका बांधकामाचा नकाशा मंजूर करते, शिक्षण खाते शाळेला मान्यता देते आणि आगीच्या दृष्टीने इमारत ठीक आहे की नाही, याचे ना-हरकत प्रमाणपत्र अग्निशमन खाते देते. म्हणजे एकाच शाळेच्या तीन फायली तीन कार्यालयांत असतात. पालकाने विचारायचे ते मुख्याध्यापकांना, आणि शंका राहिलीच तर जवळच्या अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांना.

या खात्याच्या पाटीवर तेलुगूत ‘अग्निमापक’ असे लिहिलेले असते. आपल्या मराठी शाळेतून आलेली पिढी ते वाचून चकते, की हे लोक आग मोजतात की काय? तेलुगूत त्याचा अर्थ आग विझवणारे असाच आहे. नवीन आलेल्या सुनांना आणि पाहुण्यांना हे सांगून ठेवावे. घाईच्या वेळी पाटी ओळखता आली पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे लागू असलेला मूळ कायदा 1999 चा, एकत्र आंध्र प्रदेशाच्या वेळचा अग्निशमन सेवा अधिनियम. राज्य वेगळे झाल्यावर तेलंगणाने तोच चालू ठेवला. त्यातले तीन आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. राहण्याची इमारत 18 मीटरपेक्षा उंच असेल, व्यापारी इमारत 15 मीटर किंवा त्याहून उंच असेल, आणि शाळा, सिनेमागृह, फंक्शन हॉल, प्रार्थनास्थळ अशी माणसे जमण्याची जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर किंवा 6 मीटर व त्याहून उंच असेल, तर बांधण्याआधी अग्निशमन खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

आता हे आकडे आपल्या गावाला लावून पाहा. एक मजला साधारण 3 मीटरचा धरला तर तळमजला आणि वर एक मजला असलेली शाळासुद्धा 6 मीटरला पोहोचते. शाळा या कायद्याखाली येतात, त्या अशा. पण 18 मीटरपेक्षा उंच म्हणजे सहा मजल्यांच्या वरचे घर झाले. तशी घरे आपल्या सभासदांत किती जणांची आहेत? दोन किंवा तीन मजल्यांच्या घरात, खाली दुकान आणि वर कुटुंब अशा जागेत किंवा कोळसा कंपनीच्या क्वार्टरमध्ये कायद्याने ठरवलेला तपासनीस येत नाही. कोणी हलगर्जी केली म्हणून तो आला नाही असे नव्हे. अशा घरासाठी हे प्रमाणपत्र कायद्याने मागितलेलेच नाही.

महाराष्ट्रात ज्यांचे फ्लॅट आहेत त्यांच्यासाठी वेगळी गोष्ट. तिथे 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यात जबाबदारी सरळ मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचे. याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. पुण्यात किंवा नागपुरात फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सोसायटीच्या सचिवांना विचारा, की मागच्या जानेवारीचा आणि जुलैचा फॉर्म बी दाखवा. भाडे दरमहा खात्यात जमा होते, एवढे पाहून आपण गप्प बसतो.

शाळांबाबतचा निकाल

16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत आग लागली आणि 94 मुले गेली. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि 13 एप्रिल 2009 रोजी अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल आला. सुरक्षित शाळेत शिकणे हा मुलाच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक शाळेत आग विझवण्याची साधने असावीत, इमारत राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे असावी, शिक्षकांना साधने वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि पाहणी वेळोवेळी व्हावी, असे आदेश दिले. म्हणजे मुख्याध्यापकांना हा प्रश्न विचारणारा पालक आगाऊपणा करत नसतो. त्याच्या मागे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण विचारण्याची पद्धत चांगली ठेवावी. आमचा अनुभव असा, की पालक सभेत आवाज चढवून विचारले तर उत्तर मिळत नाही आणि चार पालकांनी सोमवारी सकाळी जाऊन नीट विचारले तर फाईलसुद्धा दाखवतात.

प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष

इथे बँकेतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. शाखेची वार्षिक तपासणी ठरली की आठ दिवस आधी सगळे रजिस्टर लिहून पूर्ण होत. तिजोरीजवळच्या लाल सिलिंडरवरची धूळ पुसली जाई. तपासनीस गेले की अहवालातल्या प्रत्येक त्रुटीपुढे ‘अनुपालन पूर्ण’ असा शेरा मारून आम्ही तो वर पाठवत असू. त्यातले निम्मे अनुपालन खरे असे. उरलेले पुढच्या तपासणीपर्यंत व्हायचे होते. याची लाज वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही. कर्जदाराच्या गोदामाची पाहणी करायला जायचो तेव्हा तोही आमच्याशी हेच करत असे.

अमेरिकेत शिकागो शहरात 1 डिसेंबर 1958 रोजी ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेत आग लागली. 92 मुले आणि 3 नन्स मृत्युमुखी पडल्या. ही शाळा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अग्निशमन खात्याच्या तपासणीत पास झालेली होती! इमारत जुनी, म्हणून नवीन इमारतींचे कडक नियम तिला लागू नव्हते. जिने लाकडी होते. आग तळघरात एका जिन्याच्या पायथ्याशी लागली आणि तो जिनाच धुराचे धुराडे झाला. तपासनीसाने नियमाप्रमाणे पाहिले आणि नियमाप्रमाणेच पास केले. कागदात काहीच चूक नव्हती.

घरांच्या बाबतीत इतके लांब जायला नको. 13 नोव्हेंबर 2023 रोजी हैदराबादेत नामपल्लीच्या बाजारघाट भागात एका राहत्या इमारतीत 9 जण गेले. तळमजल्यावर रसायनांची पिंपे साठवलेली होती आणि वर कुटुंबे राहत होती. 18 मे 2025 रोजी चारमिनारजवळ गुलजार हौज येथे 17 जण गेले, त्यात 8 मुले. खाली दुकाने, वर एकत्र कुटुंब आणि बाहेर पडायला एकच अरुंद वाट. या दोन्ही जागा पाहिल्या तर आपल्या बाजारातल्या घरांची आठवण होते. खाली कापडाचे किंवा रंगाचे दुकान, बाजूने एक जिना, जिन्याखाली मीटर, मीटरसमोर दोन मोटारसायकली, आणि रात्री शटर ओढून आतून कुलूप. शाळेत निदान एक तपासनीस येतो. अशा घरात मालक सोडून पाहणारे कोणी नाही.

तपासणीत काय पाहतात?

सर्वात आधी बाहेर पडण्याची वाट, आणि हेच सर्वात महत्त्वाचे. राष्ट्रीय इमारत संहितेत शाळेच्या जिन्याची रुंदी किमान दीड मीटर सांगितली आहे. दारे बाहेरच्या बाजूला उघडावीत. घाबरलेली गर्दी दारावर रेटत असते तेव्हा आत उघडणारे दार उघडताच येत नाही. जिन्यात कपाट, मोडके बाक, सायकली, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नसावेत. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना पक्के गज असतील तर दुसरा जिना आहे का, ते पाहावे. चोराला बाहेर ठेवणारे गज मुलांनाही आतच ठेवतात.

मग सिलिंडर. त्यावर तीन गोष्टी पाहायच्या : दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन व सील जागेवर आहे का आणि चिठ्ठीवरची पुढच्या तपासणीची तारीख उलटून गेली आहे का. नळीत पालीची अंडी नसावीत, हे कुठल्या पुस्तकात नाही, पण आम्ही पाहिले आहे. शिक्षकांपैकी कोणाला तो चालवता येतो का, हेही विचारावे. पिन ओढायची, तोंड आगीच्या बुडाकडे धरायचे, दांडा दाबायचा आणि डावीउजवीकडे फिरवायचे. वर ज्वाळांवर मारण्यात उपयोग नाही. लहान सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो, त्यामुळे ‘कसा चालवायचा’ हे त्यावरच्या बारीक अक्षरांत वाचायला तेव्हा वेळ नसतो.

वीज, माध्यान्ह भोजनाचे स्वयंपाकघर, प्रयोगशाळा हे त्यानंतर. स्वयंपाकघर वर्गांपासून वेगळे आणि गॅसची टाकी हवेशीर जागी असावी. कुंभकोणमनंतर हे सांगायला लागू नये.

सराव मात्र क्वचित होतो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र होता. आग विझवताना 66 अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात आणि खात्याचे लोक शाळांत प्रात्यक्षिके दाखवतात. पण आपल्याकडे एप्रिल म्हणजे वार्षिक परीक्षा आणि लगेच उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे निम्मी मुले हजर नसतात. पालकांनी मुख्याध्यापकांना सुचवावे, की सराव जून-जुलैत ठेवा. घंटा कोणती, मैदानात कुठे उभे राहायचे आणि हजेरी कोण घेणार, एवढे नवीन वर्गाला पहिल्याच महिन्यात कळू द्या.

घरात आपणच

आपल्या गावाला तपासणी शिकवायची गरज खरे तर पडू नये. सिंगरेणीच्या भूमिगत खाणीत पाळी सुरू होण्याआधी सरदार आत जाऊन छत आणि वायू पाहून येतो, त्याशिवाय माणसे कामाला लागत नाहीत. पूर्वी त्याच्या हातात ज्योतीचा दिवा असे. वायू असेल तर ज्योतीवर निळसर टोपी दिसे. ही तपासणी वर्षातून एकदा नसते, दर पाळीला असते. तोच माणूस ड्यूटीवरून घरी आला की गॅसची नळी सात-सात वर्षे बदलत नाही. आम्ही बँकवाले तरी कुठे वेगळे!

गॅसपासून सुरुवात करू. टाकीच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर आणि डी डिसेंबर. ‘बी 27’ असेल तर जून 2027 पर्यंत ठीक. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका, आणणाऱ्याला दारातूनच परत द्या. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, भेग दिसली तर त्याआधीच. एजन्सीचा माणूस पाच वर्षांनी सक्तीची तपासणी करायला येतो, त्याला ‘नंतर या’ म्हणू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, पंख्याच्यासुद्धा नाही. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. पाणी तळाशी जाऊन एकदम वाफ होते आणि पेटते तेल उडवते. आच बंद करावी आणि घट्ट बसणारे ताट झाकावे.

विजेबद्दल इतकेच, की जुन्या घरात वायरिंग दोन पंखे आणि चार दिव्यांच्या हिशेबाने केलेले आहे आणि आता त्यावर एसी, गिझर आणि इंडक्शन चालते. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवणारा वायरमन आपले काम सोपे करतो आणि वायर भिंतीत तापत राहते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. तो आधी शॉकपासून वाचवतो आणि वीज जमिनीकडे गळत असेल तर आगीपासूनही. इलेक्ट्रिक स्कूटर रात्री जिन्याखाली चार्जिंगला लावू नये. बाहेर पडायची एकच वाट असेल तर त्या वाटेवर काहीही चार्ज करू नये.

आग लागलीच तर खोलीतून निघताना दार ओढून घ्या. खाणीत पेटलेला भाग भिंत बांधून बंद करतात, हवा मिळाली नाही की आग दबते. घराच्या दाराचेही तेच काम आहे. धुरात उभे राहू नका, वाकून किंवा रांगत जा. लिफ्ट असेल तर ती वापरू नका.

विम्याचा उल्लेख बँकेच्या सवयीने करतो. 1 एप्रिल 2021 पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची एकसारखी पॉलिसी देणे बंधनकारक आहे. आग, वीज पडणे, पूर, भूकंप सगळे त्यात येते. गृहकर्ज फिटले की बँकेने घेतलेला विमाही संपतो, आणि पुढे तो आपण स्वतः घ्यायचा असतो हे बरेच जण विसरतात.

आपला हॉल आणि मांडव

ही गोष्ट लिहायची की नाही, यावर थोडा विचार केला. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम चालू होता. मंचाच्या बाजूच्या फोकसची वायर तापली आणि पडद्याने धूर धरला. कोणीतरी मेन स्विच पाडला, पडदा ओढून काढला, दोन बादल्या पाण्यात संपले. कोणाला इजा झाली नाही. पण अंधारात सगळी माणसे पुढच्या एकाच दाराकडे धावली, कारण मागच्या दाराला कुलूप होते. त्याच्या आतल्या बाजूला खुर्च्यांची चळत आणि स्वयंपाकाची मोठी भांडी लावलेली होती. चोरी होते म्हणून आम्हीच कुलूप लावायला सांगितले होते. किल्ली खजिनदाराकडे होती. खजिनदार आम्हीच होतो आणि त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो.

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ म्हणतात, त्या दिवशी किल्ली सोमेश्वरी होती.

त्यानंतर मागच्या दाराचे कुलूप काढून आतून कडी बसवली. कार्यक्रमाच्या आधी ती कडी उघडून पाहायची आणि वहीत सही करायची, असे ठरले. ती वही कपाटात आहे. कोणत्याही सभासदाने मागावी, आणि सही राहिलेली दिसली तर कार्यकारिणीला विचारावे. मांडव घालताना वायरमनने जोड नुसते टेपने गुंडाळलेले नाहीत ना, जनरेटरचे डिझेल मांडवाबाहेर आहे ना आणि रात्रभर समई तेवत असेल तर जवळ जागे माणूस आहे ना, हेही त्याच वहीत लिहायचे आहे. स्वयंपाक मांडवाच्या कापडापासून दूर.

फोन

आगीसाठी 101, किंवा सर्व आणीबाणीसाठी 112. फोनवर पत्ता तेलुगूत सांगावा लागेल असे धरून चाला. दिवसा घरी बहुधा आजी-आजोबा आणि मुले असतात आणि आपल्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांना बाजारापुरतेच तेलुगू येते. एका कागदावर आपल्या घराचा पत्ता, जवळची खूण आणि गाडी कोणत्या बाजूच्या रस्त्याने आत येऊ शकते, हे तेलुगूत आणि त्याखाली तोच उच्चार देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा. हॉलसाठी असा कागद तयार आहे. त्याच नमुन्यावर घरचा कागद लिहून हवा असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी हॉलवर यावे, आम्ही बसलेले असतो.